चितळाची वाट की बायांची? झाडीपट्टीतल्या एका गाडवाटेचं प्रकरण

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यातलं हे गाव. नाव देत नाही, कारण पुढे शिकारीच्या फाशांचा आणि गावातल्या भांडणाचा उल्लेख येणार आहे. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे, ग्रामसभेची वनव्यवस्थापन समिती आहे, तेंदूपत्ता आणि बांबूचे थोडेफार पैसे गावाच्या खात्यात येतात. भोवताली धानाच्या बांध्या, त्यांच्या कडेलाच जंगल, आणि जंगलातून जुन्या बोडीपर्यंत, म्हणजे लहान तळ्यापर्यंत, जाणारी अडीच-तीन किलोमीटरची गाडवाट. एकेकाळी या वाटेनं बैलबंड्या बांबू आणि जळतन घेऊन यायच्या. बंड्या बंद झाल्या तशी वाट आक्रसत गेली. दोन्ही बाजूंनी रायमुनिया, म्हणजे घाणेरी, चढली आणि कटांग बांबूच्या रांज्या (बेटं) वाटेवर ओणवल्या. माणूस अंग चोरूनच जाईल एवढीच जागा उरली.

तरी वर्दळ थांबली नव्हती. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला आणि मेमध्ये तेंदूपत्ता तोडायला बाया याच वाटेनं जातात. चंद्रपूर जिल्ह्याच्या या भागात वाघाच्या हल्ल्यांत दरवर्षी माणसं जातात, आणि त्यातली बरीच मोहाखाली, तेंदूच्या झुडपाशी किंवा सरपण गोळा करताना वाकलेली असतात. वाकलेला माणूस वाघाला दोन पायांचा दिसत नाही असं गावोगाव सांगतात. ते कितपत खरं ते असो, पण चार पावलांवरचंही दिसत नसेल अशा झाडोऱ्यातून पहाटे चालणं धोक्याचं आहे, यावर गावात कुणाचं दुमत नव्हतं.

एका वाटेकडून तीन अपेक्षा

वाट साफ करायचा विषय ग्रामसभेत आला तेव्हा सगळ्यांनी होकार दिला. कशासाठी साफ करायची, हे विचारल्यावर मात्र फाटे फुटले.

बायांचं म्हणणं सरळ होतं. वाट मोकळी करा, दोन्ही बाजूंचं लांबवर दिसू द्या, आणि परत येताना डोक्यावर ओझं असतं तेव्हा सावली असू द्या.

पोरांचा हिशेब वेगळा. ताडोब्याच्या बफरमध्ये आगरझरी, मोहर्लीकडच्या गावांना पर्यटनातून रोजगार मिळतो, मग आपण वाटेवर चितळं दाखवून चार पैसे का मिळवू नयेत? एकानं मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला. तिकडे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार कायदेशीर आहे. परवाना काढतात, हंगाम ठरलेला असतो. शिकारी लोक लाकूडतोडीच्या जुन्या वाटा साफ करतात, झाडांच्या विरळ सावलीत तग धरणारा पांढरा क्लोव्हर आणि चिकोरी पेरतात, माती आंबट असेल तर चुना टाकतात, आणि वाटेच्या टोकाला मचाण बांधून बसतात. हरीण चाऱ्याला वाटेवर येतं आणि तिथंच टिपलं जातं. पोराचं म्हणणं, आपण बंदुकीऐवजी कॅमेरा धरू.

तिसरी मागणी जंगलाला लागून बांध्या असलेल्या शेतकऱ्यांची. चितळं आणि रानडुकरं धान खातात, रात्ररात्र जागल करावी लागते. जंगलातच चारा लावला तर चितळं तिकडेच राहतील, असा त्यांचा तर्क.

सभेत मागे बसलेला एक बुढा, तरुणपणी हाक्याच्या शिकारीला जाणारा, एवढंच बोलला: "चितळ येईन तं वाघबी येईन ना बाप्पा. त्याले कोन सांगन, हे चितळासाठी पेरलं म्हनून?"

माझ्या मते या प्रकरणाचा सगळा निकाल त्या एका वाक्यात होता, आणि तो कागदावर उतरवायला समितीला बराच काळ लागला. अमेरिकेतली वाट आखताना शिकारी स्वतःलाच जंगलातला सगळ्यात मोठा शिकारी प्राणी धरून चालतो. आपल्याकडे तसं धरता येत नाही. चितळ हे वाघाचं रोजचं अन्न आहे. ज्या वाटेनं बाई पहाटे टोपली घेऊन जाते, त्याच वाटेच्या कडेला चितळाचं ताट वाढणं म्हणजे वाघाला तिथं थांबायला कारण देणं.

कायद्याची बाजू त्या मानानं सोपी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळाची शिकार हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला सामूहिक वनसंपदेचं रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला, पण त्याच कायद्यात शिकारीचा आणि फासे लावण्याचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. म्हणजे वाटेची देखभाल, झाडं लावणं, गवत वाढवणं हे गावाच्या अखत्यारीत. हरीण मारणं नाही, मारायला मदत होईल अशी सोय करणंही नाही. क्लोव्हरचा विचार त्यापूर्वीच मागे पडला होता. ते थंड हवेचं पीक, विदर्भाच्या मेमध्ये टिकणार नाही. त्याचा भाऊबंद बरसीम आपल्याकडे होतो, पण रब्बीत आणि ओलितावर. मिठाचे ढेप ठेवायची कल्पनाही आली होती. एकाच मिठाला ढोरं आणि चितळं तोंड लावू लागली की लाळ्या-खुरकूतसारखे रोग इकडून तिकडे जायला वाट मिळते, म्हणून तीही सोडली.

वाटेवर सावली, आणि तीही मेमध्ये

पहिला निर्णय झाला तो हा: वाट माणसांची, आणि वाटेच्या कडेला चाऱ्याचं किंवा फळाचं काहीही लावायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली, कारण "जंगलात झाडं लावायची" म्हटलं की प्रत्येकाच्या तोंडी पहिलं नाव मोह, जांभूळ, उंबर, आवळा हेच येतं. मोह आणि जांभळाखाली अस्वल येतं, उंबराच्या पडलेल्या फळांवर चितळं येतात, वरून वानरं पाला-फळं टाकतात आणि त्यासाठी चितळं खाली उभी राहतात. ही झाडं जिथं आहेत तिथं राहू द्यावीत, त्यांची निगा राखावी. फक्त चालायच्या वाटेवर नवी लावू नयेत.

मग सावली कशाची? वाटेचा बराचसा भाग सागाचा, मध्ये येन, धावडा, बिजा. सागाचं पान जानेवारी-फेब्रुवारीपासून गळायला लागतं आणि नवी पालवी मिरगाच्या पावसाबरोबर येते. म्हणजे मोह आणि तेंदूच्या दिवसांत, जेव्हा पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, नेमकी तेव्हाच सागाची वाट उघडी पडते. पावसाळ्यात नकाशा काढणाऱ्या माणसाला ही वाट गर्द सावलीची वाटते. समितीनं म्हणून वाट मेमध्ये, भर दुपारी चालून पाहिली आणि उन्हाचे टापू खुणा करून ठेवले. हे फार शहाणपणाचं झालं.

त्या टापूंवर करंज ठरला. करंज फार थोडे दिवस उघडा राहतो, एप्रिलपर्यंत चकचकीत हिरवा होतो, पान कडू असल्यामुळे ढोरं-शेळ्या त्याला फारशा लागत नाहीत, फळ चितळ-अस्वलाच्या कामाचं नाही आणि बिया बाजारात विकता येतात. नाल्याच्या कडेला तो आपसूक उगवलेला होताच, म्हणजे बाहेरून आणलेलं झाड नव्हे. बी जूनमध्ये थेट खड्ड्यात टाकलं तरी येतं. कोरड्या मुरमाड तुकड्यावर कडुनिंब. त्याचं बी मात्र झाडावरून उतरल्यावर लवकर पेरावं लागतं, ठेवलं की उगवणशक्ती जाते. खड्डे रोहयोतून झाले, राखण ग्रामसभेच्या पैशातून. प्रत्येक रोपाला बोरी-बाभळीच्या फांद्यांचं कुंपण. फांद्या दर पावसाळ्याआधी बदलाव्या लागतात, आणि हे काम कुणाच्या लक्षात राहत नाही, हे खरं दुखणं.

जागा निवडताना आणखी एक बारकावा पाहिला. या अक्षांशावर मेच्या उत्तरार्धात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, त्यामुळे बाराच्या उन्हाला वर छत्रीसारखा पसरणारा घेरच हवा, कडेची रांग उपयोगाची नाही. पण बाया परततात दहा-अकराच्या सुमारास. तेव्हा ऊन पूर्वेकडून येतं. म्हणून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या तुकड्यावर करंज वाटेच्या पूर्वेला लावले. मधल्या एका वळणावर ओझं उतरवून टेकायला सपाट दगड मांडले, चौफेर दिसेल असे.

रायमुनिया

साफसफाईचं पहिलं वर्ष वाया गेलं असतं, कारण सुरुवात कोयत्यानं झाली होती. रायमुनिया वरून छाटली की बुडातून दुप्पट फुटते, आणि पुढच्या पावसाळ्यात पहिल्यापेक्षा दाट भिंत उभी राहते. मग मुळाची पद्धत घेतली. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी ती रुजवली, देशातल्या अनेक अभयारण्यांत वापरली जाते. पाऊस पडून माती मऊ झाली की झुडपाच्या बुडाशी कुदळीनं माती मोकळी करायची, खोड आणि मूळ जिथं जुळतं त्या गाठीच्या खाली, जमिनीत तीन ते पाच सेंटिमीटरवर, मुख्य मूळ तोडायचं, आणि अख्खं झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. गाठ जमिनीत राहिली तर फुटवा येतो, मुळं मातीला टेकली तर पुन्हा धरतात. एक माणूस खोड वाकवून धरतो, दुसरा कुदळीचा टोकदार घाव घालतो. सवय झाली की एका जुन्या झुडपाला फार वेळ लागत नाही. हातमोजे मात्र हवेत, त्या काड्यांची कुसं बोटांत मोडली की रात्रभर ठणकतात.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं आणि जास्त महत्त्वाचं. बुलबुलासारखे पक्षी फळं खातात, झाडावर बसून विष्ठा टाकतात, आणि त्या झाडाखालीच नवी रोपं गर्दी करतात. ती पहिल्या वर्षी हातानं उपटता येतात, दुसऱ्या वर्षी येत नाहीत. म्हणून दर पावसाळ्यात पोळ्याच्या आधी एक फेरी ठरली. पावसाळ्यात वाटेच्या कडेनं रानतुळस आणि तरोटाही माजतो. तरोट्याचा कोवळा पाला बाया भाजीला खुडून नेतात, उरलेला फुलावर येण्याआधी कापतात.

सावली आणि रायमुनिया यांचं नातं समितीला इथे कळलं, आणि पुढचा सगळा आराखडा त्यावर उभा राहिला. रायमुनियाला उजेड लागतो. वरचा घेर दाट असेल तिथं ती रोगट राहते, घेर फाटला की उसळते. म्हणून वाटेवर एकही झाड तोडायचं नाही, फक्त खालचा झाडोरा काढायचा. दोन्ही बाजूंना बसलेलं जनावर दिसेल इतपत, वळणांवर आणखी रुंद. वर सावली जितकी राखली तितकी खालची सफाई दरवर्षी हलकी होत गेली. अमेरिकेतला शिकारी वाटेवर ऊन यावं म्हणून फांद्या छाटतो, कारण त्याला क्लोव्हर वाढवायचा असतो. इथे वाटेवर काहीच वाढू नये हाच हेतू, म्हणून फांद्या राखायच्या.

चढाच्या तुकड्यांवर पावसाचं पाणी वाटेतूनच धावायचं आणि घळ पडायची. तिथं तिरपे पाट खोदून पाणी बाजूला उतरवलं. पाटांतली माती पावसाळ्याच्या मध्यात एकदा उपसावी लागते, एवढंच.

गवत, ढोरं आणि ढोरकी

चाऱ्याचा विषय सोडला नाही, तो हलवला. जुन्या बोडीच्या पलीकडे, नाला ओलांडून, एक पडीत तुकडा होता. झाडं विरळ, रायमुनिया आणि रानतुळशीनं भरलेला. वाटेवरून दिसत नाही, मध्ये बांबूच्या रांज्या. चितळाला रोज पाणी लागतं, ते बोडीत मेपर्यंत टिकतं. इथे गवत घ्यायचं ठरलं. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड आणि ताडोब्यात जामणी, नवेगाव ही गावं उठल्यावर त्यांच्या शेतजमिनींवर कुरणं उभी राहिली, तिथं आज चितळ-सांबरांचे कळप दिसतात. गावानं तोच कित्ता लहान प्रमाणात गिरवला.

बी विकत आणलं नाही. दिवाळीच्या आसपास धुऱ्यांवरचं (शेताच्या बांधांवरचं) मारवेल आणि माळावरची पवन्या पिकली की बायांनी ओरपून गोळा केली, वाळवली, आणि मातीशेणात कालवून पहिल्या पावसाच्या आधी फोकली. मारवेलची ठोंबं जुलैत लावली, ती बियांपेक्षा भरवशाची निघाली. कुसळी मुद्दाम टाळली, पिकली की तिची कुसळं जनावराच्या तोंडात रुततात.

आणि पहिल्या पावसाळ्यात जे आलं ते गावच्या ढोरांनी खाल्लं.

याचा अंदाज कुणाला नव्हता असं नाही, पण चराईबंदीचा विषय काढायची कुणाची तयारी नव्हती. ढोरक्यानं, म्हणजे गावची ढोरं चारणाऱ्यानं, सभेत उभं राहून विचारलं, "उन्हाळ्यात ढोरं पानी कोठं पेतीन? बोडी सोडून मले जागा दाखवा." त्याचं खरं होतं. त्याला गावाकडून ढोरामागे धान मिळतं, ढोर दुबळं झालं की बोलणी त्याला. तोडगा निघाला तो असा: बोडीच्या गावाकडच्या काठानं ढोरांना ठरलेली एक गल्ली, दुपारी तिथून पाणी पाजायचं आणि परतायचं. नाल्यापलीकडे बी गळेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, पूर्ण बंदी. त्यानंतर गवताचे पट्टे आलटूनपालटून कापायचे, कापलेलं ज्याचं त्यानं घरी न्यायचं, त्यात ढोरक्याचा वाटा पहिला.

पट्ट्यानं कापण्याला कारण आहे. चितळाला उंच, राठ झालेलं गवत नको असतं, त्याला आखूड कोवळा फुटवा हवा. बोडीच्या ओलीमुळे कापलेल्या पट्ट्यात हिवाळ्यातही फुटवा येतो. न कापलेला पट्टा पिल्लं लपवायला आणि पुढच्या बियाण्याला उरतो. पेटवून फुटवा काढायची जुनी सवय होती. ती बंद केली. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ, आणि मोहाखालचा पाला जाळताना आग सुटते ती अशाच गवतापर्यंत जाते. साफ केलेली गाडवाट आता आग अडवणाऱ्या जाळरेषेचंही काम करते, फेब्रुवारीत तिच्यावरचा पाला झाडून काढतात.

काय झालं, काय नाही

दुसऱ्या हिवाळ्यापासून नाल्यापलीकडे चितळं नेमानं येऊ लागली. लेंड्या, खूर, कुरतडलेला फुटवा, सगळं दिसतं.

धानाची जागल सुटली नाही. गवत कितीही चांगलं असलं तरी निसवायला आलेल्या धानाची बरोबरी ते करत नाही, आणि रात्री बांध्यांत येणारी चितळं येतच राहिली. शेतकऱ्यांची नाराजी रास्त आहे. नुकसानीची भरपाई हा त्यांचा खरा मार्ग, आणि त्यासाठी पंचनामा वेळेत करून घ्यायला समिती आता मदत करते. कुरण करून पीक वाचवू असं सांगणाऱ्यावर कुठल्याही गावानं विश्वास ठेवू नये, असं माझं मत झालं आहे.

वाघाचे पंजे साफ केलेल्या वाटेवर उमटले. वाघाला मोकळी वाट चालायला आवडते, ताडोब्याच्या रस्त्यांवर ते कुणीही पाहू शकतं. म्हणजे कडेला चारा नसला तरी वाट त्याचीही आहेच. फरक एवढा की तो इथून जातो, रेंगाळत नाही, आणि समोरून येणाऱ्याला लांबून दिसतो. ग्रामसभेनं नियम केला: दिवस कलल्यावर वाट बंद, सकाळी लख्ख उजाडेपर्यंत बंद, चौघींपेक्षा कमी बायांनी जायचं नाही.

फाशाची घटना याच काळातली. बोडीकडे उतरणाऱ्या चितळांच्या पायवाटेवर एका पोराला सायकलच्या ब्रेकची तार दिसली, रोपट्याला गाठ मारलेली, गुडघ्याच्या उंचीवर गोल पसरलेली, वर दोन वाळकी पानं. तार नवी होती, अजून गंजली नव्हती. जिथं चितळं ठरल्या वेळी येतात ती जागा फासे लावणाऱ्यालाही कळते, हे चारा लावणाऱ्यानं आधीच धरून चालायला हवं. तार न हलवता वनरक्षकाला बोलावलं, पंचनामा झाला. कुणी लावली ते निघालं नाही, गावात मात्र बरेच दिवस एकमेकांकडे संशयानं पाहणं चाललं. तेव्हापासून आलटूनपालटून दोघंजण पाण्याच्या पायवाटा पाहून येतात. यात तो बुढा उपयोगी पडला. चितळ कुठे नाला ओलांडतं, कुठल्या चिंचोळ्या जागेतून पुढे सरकतं, हे त्याला पाठ आहे, आणि फासा नेमका तिथंच असतो.

पोरांच्या पर्यटनाचं फारसं पुढे गेलं नाही. मचाण बांधायचं तर नाल्यापलीकडे, आणि तिथं जायला गाडवाट वापरायची नाही, अशी अट बायांनी घातली. दुसऱ्या बाजूनं शेतांतून जाणारी पांदण आहे, ती पावसाळ्यात चिखलाची. पोरं सध्या ती दुरुस्त करण्यामागे आहेत.

दोन गोष्टी अजून सभेत अडलेल्या आहेत. एक, शेजारच्या गावची ढोरं. त्यांच्यावर या ग्रामसभेचा ठराव चालत नाही, आणि त्या गावाला निस्तारासाठी, म्हणजे रोजच्या वापरासाठी, हीच बोडी पूर्वापार आहे. दोन्ही गावांची एकत्र बैठक एकदा ठरून मोडली. दुसरी, मोहफुलाची वेळ. फूल रात्रीपासून गळतं, उशिरा गेलं तर अर्धं चितळं-अस्वलांनी खाल्लेलं असतं, म्हणून लख्ख उजाडेपर्यंत थांबायचा नियम मार्चमध्ये मोडतोच. काही बायांनी मोहाखाली जुन्या साड्या आणि जाळ्या बांधून फूल वर झेलायला सुरुवात केली आहे, म्हणजे पाला जाळावा लागत नाही आणि फूल खाली पडून जनावराच्या तोंडी जात नाही. सगळ्या झाडांना पुरतील एवढ्या जाळ्या घ्यायच्या तर पैसे तेंदूच्या बोनसमधून काढावे लागतील. ज्यांच्याकडे मोहाची झाडंच नाहीत, त्यांचा त्याला विरोध आहे.